बॉक्सवुडचं कुंपण खालनं बोडकं झालंय, कटिंग कसं आणि कधी करायचं?

गोडोलीची_वैनी
नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतीय, चुकलं तर सांभाळून घ्या. साताऱ्यात गोडोलीत आमचं छोटं घर आहे, पुढच्या कंपाउंडला लागून आतनं ३० फूट लांब हिरवं कुंपण आहे. सहा वर्षांपूर्वी वास्तुशांतीच्या आधी घाईघाईत लावलं, नर्सरीवाल्यानं बॉक्सवुड म्हणून २० रोपं दिली, दीड दीड फुटावर लावली. आता चार फूट उंच झालंय. वरनं बघितलं तर गादीसारखं दाट, हात ठेवला तर आत जात नाही. पण खाली गुडघ्यापर्यंत नुसत्या काड्या, रस्त्यावरनं जाणाऱ्याला आमचा चपलांचा स्टँड सगळा दिसतो.

माळी महिन्यातनं एकदा येतो, पेट्रोलचं मशीन घेऊन वरनं आणि रस्त्याच्या बाजूनं फिरवतो, वीस मिनिटांत काम संपवून पैसे घेऊन जातो. यूट्यूबवर बघितलं तर एक म्हणतो मे जूनमध्ये कापा, दुसरा म्हणतो स्प्रिंग संपताना कापा, आता साताऱ्यात स्प्रिंग कुठनं आणू. शिवाय गेटाजवळची चार झाडं पिवळी पडलीत, त्यांना कुणीतरी सांगितलं म्हणून बुडात हिराकस, म्हणजे लोहाचं खत, घातला दोनदा, काही फरक नाही. फोटो लावलेत. मृगाचा पाऊस परवा एक झालाय, आता कापू का थांबू?

मिरज_जंक्शन
चपला आत ठेवा, अर्धा प्रश्न मिटला.

गोडोलीची_वैनी
भाऊ, आत ठेवल्या तर सासूबाई मला बाहेर ठेवतील.

परदेशी_पलूसकर
मी मूळ पलूसचा, आता लंडनच्या दक्षिणेला राहतो, आमच्या घराला खरं बॉक्स आहे, आधीच्या मालकानं लावलेलं. म्हणून दोन गोष्टी सांगतो. इकडं बॉक्स कापायचा जुना मुहूर्त म्हणजे डर्बीची घोड्यांची शर्यत, ती जूनच्या सुरवातीला असते. कारण तोवर थंडीचा तडाखा संपलेला असतो आणि कोवळा फुटवा गारठ्यात करपत नाही. म्हणजे त्या मुहूर्ताचा संबंध इकडच्या थंडीशी आहे, तुमच्या मृगाशी नाही, महिना एकच आला हा योगायोग. दुसरं म्हणजे ढगाळ दिवस बघून कापतात, ऊन असलं की आतली सावलीतली पानं एकदम उघडी पडून भाजतात.

बॉक्स फार हळू वाढतं. वर्षाला वीतभर वाढलं तरी डोक्यावरनं पाणी. म्हणून तर त्याचं लाकूड एवढं घट्ट की पाण्यात टाकलं तर बुडतं, पूर्वी मोजपट्ट्या, बुद्धिबळाच्या सोंगट्या आणि छापखान्यातले कोरीव ठोकळे त्याचेच करायचे. व्हर्सायच्या राजवाड्यापुढच्या बागेत जी नक्षी दिसते ना, ती ह्याच झाडाच्या बुटक्या कुंपणांची.

पण आता इकडं बॉक्स लावायला लोक घाबरतात. आधी एक बुरशी आली, ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकात दिसली, पानांवर काळपट डाग पडतात आणि झाड खालनं वर पानं टाकत जातं. मग पूर्व आशियातनं एक पतंग आला, २००७ च्या सुमारास जर्मनीत दिसला आणि मग युरोपभर पसरला. त्याची अळी हिरवी, अंगावर काळे पट्टे, जाळं करून आत बसून खाते. मागच्या उन्हाळ्यात आम्ही दहा दिवस गावाला आलेलो, परत गेलो तर कुंपणाचा खराटा झालेला. तुमच्या बॉक्सला अशी जाळी दिसते का ते बघा.

गोडोलीची_वैनी
जाळी बिळी काही नाही. पण वर्षाला वीतभर म्हणताय ते कळेना. आमचं पावसाळ्यात महिन्याला वीतभर वाढतं, माळी एक महिना चुकला की शेंडे जटा सुटल्यासारखे. आणि वेगळीच एक गोष्ट, मागं दिवाळीत माळी दोन महिने आला नाही तेव्हा बारीक पांढरी फुलं आली होती, रात्री एवढा वास की आम्हाला वाटलं शेजारच्यांचा मोगरा फुललाय. बॉक्सला फुलं येतात का?

परदेशी_पलूसकर
येतात पण पिवळट हिरवी, बारीक, लक्षात पण येत नाहीत. मोगऱ्यासारखा वास तर अजिबात नाही. बॉक्सच्या कुंपणाला उन्हात जो वास येतो तो बरेच लोक मांजराच्या मुताचा म्हणतात, आणि ते खोटं नाही. वैनी, तुमचं झाड दुसरंच काहीतरी आहे.

हिरवा_चाफा
मलाही फोटो बघून तीच शंका आली. मी सांगलीत कॉलेजला वनस्पतीशास्त्र शिकवायचे, आता रिटायर. वैनी, फोटोवरनं सांगण्यापेक्षा तुम्हीच चार गोष्टी बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

एक कोवळी काडी मोडा, पांढरा चीक येतो का. आला तर फायकस, आपल्याकडं पुष्कळ ठिकाणी तो कुंपणाला लावलेला असतो. चीक नसेल तर पानं काडीवर कशी लागलीत ते बघा. खऱ्या बॉक्सची पानं समोरासमोर जोडीनं, प्रत्येक पान सुटं आणि टोकाला किंचित खाच असते. ड्युरांटाचीही जोडीनंच असतात, पण त्याला काटे असू शकतात, फुलं जांभळी आणि मग पिवळ्या गोळ्यांचे घोस. तिसरं, पान चुरगाळून वास घ्या. चौथं, पान उजेडासमोर धरा आणि बारकाईनं बघा, सुईनं टोचल्यासारखे ठिपके दिसतात का.

गोडोलीची_वैनी
ताई, सगळं केलं. चीक नाही. काटे नाहीत. चुरगाळल्यावर लिंबाच्या पानासारखा वास येतोय, थोडा कढीपत्त्याकडं झुकणारा. पुतणीनं मोबाईलचा टॉर्च लावून पान वर धरलं तर खरंच की हो, चाळणीसारखे बारीक पारदर्शक ठिपके. आणि पानं जोडीनं नाहीत, एकाआड एक आहेत, एका बारीक दांडीवर पाच सहा.

हिरवा_चाफा
मग ती कामिनी. कुणी कुंती म्हणतं. तुम्ही जिला दांडी म्हणताय ते आख्खं एक पान आणि त्यावरच्या पाच सहा म्हणजे पर्णिका, कढीपत्त्याचं असतं तसंच. लिंबाच्या खानदानातली आहे, ते ठिपके म्हणजे तेलाच्या ग्रंथी. तुमच्याकडं बहुतेक बारीक पानाची मिनी कामिनी आहे, लांबनं बॉक्ससारखी दिसते खरी. बॉक्सची एक बहीण आपल्या हिमालयात जंगली होते, पण साताऱ्याच्या उन्हात बॉक्सचं ३० फुटी कुंपण सहा वर्षांत चार फूट, हे मला पहिल्या वाक्यालाच पटलं नव्हतं.

आणि फुलं सहा वर्षांत एकदाच का आली ह्याचं उत्तर तुम्हीच दिलंय. कामिनीची फुलं नव्या फुटव्याच्या टोकाला येतात. तुमचा माळी दर महिन्याला तेच टोक उडवतो.

गोडोलीची_वैनी
म्हणजे सहा वर्षं मी पाहुण्यांना बॉक्सवुड बॉक्सवुड सांगत होते! त्या नर्सरीवाल्याला जाऊन विचारते आता.

रोपंवाला_कराड
वैनी, विचारा पण भांडू नका. मी पण ह्याच धंद्यात आहे. आमच्याकडं गाडीतनं रोपं येतात तेव्हाच त्याच्यावर काय नाव असंल ते असतंय. गिऱ्हाईक मोबाईलवर फोटो दाखवतं, "असं चौकोनी कापलेलं पाहिजे", आणि चौकोनी कापता येईल ते सगळं बॉक्स. इथल्या हवेत टिकणारंच दिलंय तुम्हाला, वाईट दिलं नाही. खरं बॉक्स दिलं असतं तर दोन उन्हाळ्यात तुम्ही मला शोधत आला असता. आमच्या आज्ज्याच्या वेळंला कुंपण म्हणजे एकच, कोयनेल, कडू मेंदी. शेरडं तोंड लावत नाहीत, पाणी मागत नाही. आता ते कुणाला नको, म्हणे गावठी दिसतंय.

मिरज_जंक्शन
"चौकोनी कापता येईल ते सगळं बॉक्स" हे नर्सरीवर पाटी करून लावा राव.

द्राक्षवाला_तासगाव
आता नाव मिटलं तर मूळ दुखण्याकडं या. मी बागायतदार, कुंपणातलं मला काय कळत नाही, पण छाटणीत उभा जन्म गेलाय, वर्षाला दोन छाटण्या, एप्रिलला खरड आणि ऑक्टोबरला फळछाटणी. झाड कुठलंबी असू दे, शेंडा हा मालक असतोय. शेंडा चालू हाय तवर खालचे डोळे, म्हंजे जिथनं नवी फूट येते ते, झोपलेले. शेंडा मारला की त्याच्या लगत खालचे दोन चार डोळे फुटणार, बगलफूट. लगत खालचेच, लक्षात घ्या, बुडातले नाही. तुमच्या माळ्यानं सहा वर्षं एकाच उंचीला शेंडे मारले, म्हणून सगळी फूट त्या चार बोटाच्या थरात कोंबली, ती झाली गादी. आता ती गादी खाली ऊन जाऊ देत नाही, आणि ज्या पानाला ऊन नाही ते पान झाड पोसत नाही, टाकून देतं. म्हणून खाली काड्या. खत घाला, पाणी घाला, काय घालायचं ते घाला, वरची गादी फोडल्याशिवाय खाली पान येणार नाही.

रोप लावलं तवाच वीतभर ठेवून शेंडा मारायला पाहिजे होता. मग वीतभर वाढलं की परत. असं पायरी पायरीनं चढवलं असतं तर बुडापासनं भरलं असतं. पण तवा सगळ्यास्नी घाई असती उंच करायची.

निवृत्त_ओव्हरसियर
द्राक्षवाल्यांशी सहमत, त्यात आकाराचं राहिलं ते मी सांगतो. बांधकाम खात्यात ३४ वर्षं गेली, रेस्ट हाउसच्या आवारातली कुंपणं आमच्याच ताब्यात असायची. वैनींच्या फोटोत कुंपण वर रुंद आणि खाली निमुळतं झालंय, म्हणजे छत्री. पाहिजे उलटं. धरणाची भिंत कशी असते, पायात रुंद, माथ्यावर अरुंद, तसं. चार फूट उंचीला खाली अडीच फूट आणि वर दीड फूट एवढा फरक ठेवलात तर वरची पानं खालच्यांच्या डोक्यावर सावली धरत नाहीत. बाजू उभ्या सरळ ठेवल्या तरी दोन तीन वर्षांत वरची फूट बाहेर येतेच, कारण जोर वरच असतो. म्हणून उतार देऊनच कापायचं.

आणि डोळ्याच्या अंदाजानं नाही. दोन टोकांना दोन बांबू ठोका, गवंड्याचं सूत ताणून बांधा, एक वर माथ्याला, एक खाली पायाला. बांबू आत झुकवून ठोकले की उतार आपोआप मिळतो. सूत ओढून टणत्कार येईपर्यंत ताणायचं, नाहीतर मधे झोळ पडतो आणि कुंपणाच्या पाठीलाही तोच बाक येतो. खालनं वर कापत जायचं. वरनं खाली कापलं की कापलेली पानं खालच्या फांद्यात अडकतात, खाली किती गेलं तेच कळत नाही. माळ्याला हे सांगून बघा, पहिल्यांदा तोंड वाकडं करेल.

शाहूपुरी_४
मशीनच्या पात्याला धार आहे का तेही बघा. आमच्याकडं कापल्यावर चार दिवसांनी सगळं कुंपण वरनं तपकिरी व्हायचं, आम्ही रोग समजून फवारण्या केल्या, हजार दीड हजार घातले. शेवटी एक पान तोडून बघितलं तर कडा फाटून पिंजलेली. पातं बोथट, पान कापत नव्हतं, ओरबाडत होतं. आता मी हातकात्री घेतलीय, दारावर येणाऱ्या धारवाल्याकडनं वर्षातनं दोनदा धार, आणि काम झालं की चिंधीला तेल लावून पुसून ठेवायची. ३० फुटाला हातानं दीड तास लागतो, तेवढाच व्यायाम.

गोडोलीची_वैनी
सगळ्यांचे आभार, किती छान समजावलंत. पण आता जे बोडकं झालंय त्याचं काय? वरची गादी फोडायची म्हणजे किती कापू? आणि मूळ प्रश्न राहिलाच, आत्ता कापू का?

द्राक्षवाला_तासगाव
आत्ताच. पण पाऊस लागून असताना नको, उघडीप बघा, ताज्या घावावर रातदिस पाणी बसलं की बुरशी शिरते. चार फुटाचं दोन फुटावर आणा. घाबरू नका. कामिनी लिंबाच्या जातीची म्हणताय तर जुन्या लाकडावरनं फुटणार.

शाहूपुरी_४
दोन फूट म्हणजे निम्मं! मला वाटतं मे अखेरीला कापायला पाहिजे होतं, म्हणजे फुटवा पावसाच्या तोंडाला तयार असता.

द्राक्षवाला_तासगाव
मे मधी आतलं लाकूड उघडं पाडलं तर साल भाजती हो दादा. सहा वर्षं सावलीत बसलेली साल हाय ती, घरात वाढलेल्या पोराला एकदम उसाच्या फडात घातल्यागत. मृगात ढग असतोय, जमीन ओली असती, हाच टाइम. तरणा पाऊस सुरू व्हायच्या आत फुटवे दिसले पाहिजेत.

हिरवा_चाफा
मी मधला मार्ग सुचवते. उंची आता दोन फुटावर आणा, पण बाजू दोन्ही एकदम नका कापू. ह्या वर्षी आतल्या बाजूच्या फांद्या खोडाजवळ आखूड करा, रस्त्याची बाजू तशीच पानांसकट राहू दे. पुढच्या मृगाला रस्त्याची बाजू. म्हणजे झाडावर अन्न करायला पानं शिल्लक राहतात आणि घरही एकदम उघडं पडत नाही.

मात्र हे कामिनी, ड्युरांटा, फायकस, बॉक्स ह्यांनाच चालतं. ज्यांच्याकडं मोरपंखीचं कुंपण आहे त्यांनी हे वाचून कात्री उचलू नका. तिची हिरवी पालवी सोडून आतल्या तपकिरी लाकडात कापलं की तिथनं परत फुटत नाही, भोक कायमचं.

मिरज_जंक्शन
हे दोन वर्षं आधी का नाही सांगितलंत ताई. आमच्या दारातली मोरपंखी आता एका बाजूनं मोर आणि दुसऱ्या बाजूनं पंख उपटलेला.

रोपंवाला_कराड
छाटायच्या आधी दोन दिवस भरपूर पाणी द्या. अंगठ्याएवढे जाड घाव होतील त्यास्नी बोर्डो पेस्ट लावा, १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम कळीचा चुना आणि एक लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळं भिजवा, प्लास्टिकच्या बादलीत, लोखंडी भांडं नको. चुना पूर्ण गार झाल्यावर एकत्र करा. मग घासलेला लोखंडी खिळा त्यात बुडवून बघा, तांबूस झाला तर चुना कमी पडलाय, आणि घाला. ब्रशनं लावायची. सगळ्या बारीक घावांना लावत बसू नका, कुंपण हाय, द्राक्षबाग नाही.

खत म्हणाल तर कुजलेलं शेणखत, दोन झाडात एक घमेलं. कुजलेलं. कच्चं घातलं तर हुमणी, मुळं खाणारी अळी, आणाल घरात, उसवाल्यांना विचारा हुमणी काय चीज आहे ते. ऑगस्टमध्ये झाड सुकायला लागतं, धरून ओढलं की मुळाशिवाय हातात येतं.

परदेशी_पलूसकर
कापलेला पाला गुराच्या पुढं टाकू नका कुणी. कामिनीचं मला माहीत नाही पण बॉक्स गुरांना विषारी आहे, आणि ड्युरांटाच्या त्या पिवळ्या गोळ्या लहान पोरांना पण. सरळ खड्ड्यात टाकून खत करा.

हिरवा_चाफा
कामिनीचं एक वेगळंच आहे. वैनी, घरात लिंबाचं झाड आहे का? लिंबाच्या कोवळ्या फुटीवर सायला म्हणून बारीक कीड बसते, बुड वर करून तिरकी बसते, आणि लिंबू संत्र्याचा ग्रीनिंग नावाचा रोग तीच पसरवते. कामिनीची कोवळी फूट तिला फार आवडते. तुम्ही आता एवढी छाटणी केल्यावर सगळीकडं एकदम कोवळी फूट येणार, तेव्हा पानं मुडपायला लागली तर निंबोळी तेल लिटरला पाच मिली, थोडा शाम्पू घालून संध्याकाळी फवारा. पण फुटीवर काळी पांढरी, पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी दिसली तर ती लिंबावरच्या फुलपाखराची, मोठी झाल्यावर हिरवी होते. दोन चार पानं खाईल, तिला राहू द्या.

गोडोलीची_वैनी
लिंबू आहे परसात, बघते. आणि ती पिवळी चार झाडं? त्यांना पण दोन फुटावर आणू?

हिरवा_चाफा
पिवळेपणा कसा आहे? शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, आणि नवी पानं जास्त पिवळी, असं असेल तर लोह मिळत नाहीये. मिळत नाही म्हणजे जमिनीत नाही असं नाही. जमीन चुनखडीची किंवा पाणी क्षाराचं असलं की लोह जमिनीतच अडकून बसतं. तुम्ही हिराकस बुडात घातलात तोही तसाच अडकला असणार. पानांवर फवारला तर लागू पडतो, लिटरला पाच ग्रॅम आणि चिमूटभर लिंबू सत्व, सकाळी लवकर. आमच्या गावभागात बोअरच्या पाण्यावर सगळ्यांचं हेच रडगाणं. आमचं कुंपण ड्युरांटाचं होतं, २०१९ च्या पुरात आठवडाभर पाण्याखाली राहिलं आणि मुळं कुजून गेलं, तेव्हापासनं मी कुंड्याच बऱ्या म्हणते.

गोडोलीची_वैनी
हो हो, अगदी तसंच, शिरा हिरव्या. पण ताई आमच्याकडं बोअर नाही, नळाचंच पाणी आहे. आणि बाकीची १६ झाडं त्याच मातीत मजेत आहेत.

निवृत्त_ओव्हरसियर
तुमचा दुसरा फोटो मोठा करून बघितला. गेटाच्या खांबाजवळ जमिनीतनं एक पांढरा पाईप वर आलेला दिसतोय, दीड इंची असावा. तो कशाचा?

गोडोलीची_वैनी
तो वॉशिंग मशीनचा. गटार लांब पडतं म्हणून प्लंबरनं तिकडं काढून दिला, म्हणाला झाडांना पाणी होईल, पाण्याची बचत.

निवृत्त_ओव्हरसियर
बचत छान केली. किती वर्षं झाली?

गोडोलीची_वैनी
दोन. अरे देवा.

हिरवा_चाफा
मिळालं उत्तर. कपड्याच्या पावडरीत सोडा असतो, रोज त्याचं पाणी त्याच चार झाडांच्या बुडात. तिथली माती अल्कली झाली, लोह अडकलं. आधी तो पाईप हलवा, मग हिराकसाची फवारणी. त्या चार झाडांना ह्या वर्षी कात्री लावूच नका, आधीच आजारी आहेत. पाऊस भरपूर पडू दे, माती धुऊन निघेल. पाणी तुंबत नाही ना तेवढं बघा.

मिरज_जंक्शन
म्हणजे चार झाडं रोज धुऊन पिवळी पडली. उजाला टाकून बघा.

शाहूपुरी_४
मिरज, तुमच्या मोरपंखीचा फोटो टाका आधी.

गोडोलीची_वैनी
अपडेट देते. तुमच्या सांगण्याप्रमाणं गेल्या रविवारी उघडीप होती, काम केलं. माळी म्हणाला सूत कशाला, माझा हात बसलाय. मग यजमानांनी स्वतः बांबू ठोकून सूत ताणलं आणि त्याला दाखवलं की मधे अर्धा फूट फुगवटा आहे. गप्प बसला. नंतर स्वतःच सूत टणटण वाजवून बघत होता. उंची दोन फुटावर आणली, आतली बाजू खोडाजवळ. गादी फोडली तेव्हा आतनं काय काय निघालं सांगू, दोन क्रिकेटचे बॉल, एक पतंग, दूधवाल्याचं कार्ड २०२२ सालचं, आणि पुतणीची हरवलेली एक चप्पल. आता कुंपण बघून रडू येतंय, नुसता सांगाडा. सासूबाई रोज सकाळी विचारतात, मेलं का गं ते?

द्राक्षवाला_तासगाव
खोडाला नखानं जरा खरवडा. खाली हिरवं दिसलं की जिवंत. आज्जींना पण दाखवा खरवडून, मग विचारायच्या थांबतील. आमची बाग एप्रिलला अशीच दिसती, बघणाऱ्याला वाटतं बाग मोडली.

गोडोलीची_वैनी
हिरवं आहे!! सासूबाई आता रोज वेगवेगळं झाड खरवडून बघतात, त्यांना थांबवा कुणीतरी.

गोडोलीची_वैनी
ऑगस्ट उजाडला, शेवटचं अपडेट. छाटलेल्या १६ झाडांना बुडापासनं फुटवे आलेत, पोपटी, अगदी जमिनीपासनं चार इंचावर सुद्धा. दहाव्या बाराव्या दिवशी आधी खोडावर पुळ्यांसारखं आलं, मला वाटलं रोग, मग त्याच फुटल्या. आता वीतभर झालेत. पाईप गटारात सोडला, तीन हजार गेले. पिवळ्या चारातलं एक हिरवं व्हायला लागलंय, एक तसंच आहे, दोन मात्र गेली, खरवडलं तर खाली तपकिरी. तिथं तीन फुटाचं खिंडार पडलंय. नवी रोपं लावू का? नर्सरीत विचारलं तर म्हणे बॉक्सवुड संपलंय, कामिनी आहे. मी काही बोलले नाही.

द्राक्षवाला_तासगाव
आता वीतभर झालेत तर शेंडे मारा, नुसते दोन बोटं. परत वीतभर झाले की परत. ह्यावेळी घाई नको.

रोपंवाला_कराड
जुन्या झाडांच्या मधे नवं रोप जगायला जड जातं, शेजारच्यांची मुळं सगळं ओढून घेतात. आणि तिथली माती पण साबणाची आहे. लावायचं तर दोन फूट खड्डा घेऊन माती बदला. नाहीतर फुकटात होतंय, शेजारच्या निरोगी झाडाची खालची लांब फांदी खिंडाराकडं वाकवा, जिथं जमिनीला टेकते तिथं खालनं साल जरा तासा, तेवढा भाग चार बोटं मातीत गाडा, वर वीट ठेवा आणि शेंडा बाहेर राहू दे. दाब कलम. पावसाळा संपेपर्यंत वीट हलवायची नाही. मुळं धरली का बघायला रोज उकरायचं पण नाही, हे आज्जींना सांगा.

गोडोलीची_वैनी
वीट ठेवली. सासूबाईंना सांगितलं की खाली नाग आहे.